दीड तास बँकेचा

नमस्कार. मी सांगलीचीच. इथल्या रेडिओवर बाजारभाव ऐकत लहानाची मोठी झाले, पण माईकसमोर बसायची ही पहिलीच वेळ. काचेपलीकडच्या ताईंनी बजावलंय की आकडे सावकाश सांगा, ऐकणाऱ्याला पान उलटून मागं जाता येत नाही. म्हणून सुरुवातीला तीनच आकडे सांगते.

पहिला, ६८,०००. ही माझ्या क्रेडिट कार्डावरची बाकी होती. दुसरा, साडेतीन टक्के. हे व्याज वर्षाचं नव्हे, महिन्याचं. तिसरा, ४८०. ही माझी एका दिवसाची हजेरी.

आता गणित करू. ६८,००० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला व्याज झालं २,३८० रुपये. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४२८. एकूण २,८०८. तीस दिवसांत वाटले तर रोजचे ९३ रुपये. माझे आठ तासांचे ४८०, त्यातले ९३ म्हणजे दीड तासाहून थोडं जास्तच. सकाळी आठला मशीनशेजारी उभी राहिले की साडेनऊपर्यंत मी बँकेकडं कामाला असायचे. तिथून पुढं माझी हजेरी सुरू. बरं, रविवारी कारखाना बंद असतो. व्याजाला रविवार नाही.

हा हिशेब मी दोन वर्षं केलाच नव्हता. बिल यायचं, मी त्यातली एकच ओळ बघायचे, ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम. ती असायची ३,४०० रुपये, बाकीच्या पाच टक्के. ३,४०० भरले की बँकेचा आभाराचा मेसेज यायचा आणि मला वाटायचं, चला, या महिन्याचं भागलं. त्या ३,४०० मधले २,८०८ व्याजात आणि करात जायचे. मुद्दल कमी व्हायचं ५९२ रुपयांनी. आणि तेवढ्याच रुपयांचं तेल-साखर त्याच महिन्यात मी त्याच कार्डावर आणलेलं असायचं. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापावा लागतो, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्याही बिलावर तो होता. मी कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासायचं काम करते, केसाएवढी चीर असली तरी माल बाजूला काढते. स्वतःच्या बिलावरची ओळ मात्र दिसली नाही.

काम ठेकेदाराकडं. म्हणजे काय, ते एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कुणी जातं त्यांना सांगायला नको. कायम करावं लागू नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ मिळतो. गेटपास जमा करायचा, घरी बसायचं, बोलावणं आलं की पुन्हा नव्यानं भरती. ब्रेक कधी पंधरा दिवसांचा, कधी दीड महिन्याचा. मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, छोटा टेम्पो आहे. हळद आणि बेदाण्याच्या दिवसांत मार्केट यार्डात भाडी मिळतात, चार पैसे येतात. पावसाळ्यात टेम्पो दारात उभा. दोघांच्याही कमाईला असे खड्डे, आणि कार्ड आलं ते नेमकं त्या खड्ड्यात घालायची फळी म्हणून. एका ब्रेकमध्ये किराणा, मग टेम्पोच्या इंजिनचं काम, मग थोरलीच्या शिक्षणासाठी मोबाईल. एकदा तर एटीएममधून रोख काढली. ते सगळ्यात वाईट. रोख काढली की बहुतेक कार्डांवर अडीच टक्क्यांच्या आसपास फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून धावायला लागतं.

अजून एक गैरसमज होता, तो पुष्कळांचा असतो म्हणून सांगते. मला वाटायचं, जुनी बाकी राहिली तर राहू दे, नव्या खरेदीला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी आहेतच की. नसतात. मागच्या बिलातलं थोडं जरी थकलं तरी ती सवलत बंद होते. आज किराणा आणला की आजपासूनच व्याज.

आणि कुणीतरी वरून हे व्याज कमी करील याची वाट बघू नका. ग्राहक तक्रार निवारणाच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ साली सांगितलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं गैर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. माझं साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचं ४२. गावाकडचा सावकार आठवला असेल तुम्हाला. मलाही आठवला.

मग सुरुवात कुठून करायची? जो तो सांगायचा, दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला काढ आणि भर. सल्ला चांगला आहे, पण तो पगारदारांचा. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेला, त्यानं ठरलेली रक्कम भरावी. मी दोनदा तसं केलं. पाच महिने नेमानं सात-सात हजार भरले, घरात एक पैसा शिल्लक ठेवला नाही. सहाव्या महिन्यात ब्रेक मिळाला आणि दोन आठवड्यांत कार्ड पुन्हा दुकानाच्या काउंटरवर. भरलेलं परत उचललं. विहिरीतून पाणी काढून विहिरीतच ओतल्यासारखं.

तेव्हा सासूबाई एक शब्द बोलल्या. बेगमी. म्हणाल्या, “आमच्या वक्ताला काय म्हैन्याला पगार व्हता? वर्सातनं दोनदा पैसा दिसायचा. पर कणगी भरल्याबिगर देणेकऱ्याला दारात उभं करत नव्हतो.” मी त्यांना समजावत होते की आई, व्याज ४२ टक्के आहे, पैसे घरात ठेवणं परवडत नाही. कागदावर माझं बरोबर होतं. पण कागदाला ब्रेक मिळत नाही.

म्हणून आधी बेगमी केली. मिनिमम भरणं चालू ठेवलं आणि वरचे पैसे कार्डावर न भरता एका महिन्याचं घर उभं केलं. सुगीनंतर जतकडचा शाळू येतो तेव्हा दोन पोती घेतली, डाळी भरल्या, गॅसची एक टाकी जादा ठेवली. रोख पैसा घरात टिकत नाही, म्हणून पतसंस्थेची पिग्मी लावली, रोज ५० रुपये. एजंट दादा दारात येतात, त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवायची लाज वाटते. त्या लाजेवरच पैसे साठतात. पण पिग्मीत मोठी रक्कम ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. सांगलीकरांना हे मी का सांगावं? आपण बुडालेल्या ठेवींच्या रांगा बघितल्यात.

हे जमायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत कार्डाची बाकी जवळजवळ हलली नाही आणि माझा जीव वरखाली होत होता. पण पुढचा ब्रेक आला तेव्हा कार्ड बाहेर काढलं नाही. ते हरिपूरला नणंदेकडं होतं म्हणा. मोबाईलमधल्या खरेदीच्या ॲपांवर कार्डाचा नंबर साठवलेला होता, तोही आठवणीनं पुसला. नुसतं कार्ड लांब ठेवून भागत नाही, नंबर आपल्याआधी दुकानात पोचलेला असतो.

बेगमीनंतर फेड. इथं मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बिल महिन्यातून एकदा येतं म्हणून पैसे एकदाच भरायचे असं काही नाही. कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. शनिवारी टेम्पोच्या भाड्याचे ७०० हातात आले, शनिवारीच भरले, की रविवारपासून ७०० वरचं व्याज थांबलं. मोबाईलवरून भरता येतात. आम्ही तसंच सुरू केलं. कधी ३००, कधी १,२००, हळदीच्या दिवसांत एकदा ४,०००. ज्या आठवड्यात काही नाही त्या आठवड्यात काही नाही. रोजंदारीच्या माणसाला रोजंदारीनं फेडणं जमतं, हप्त्यानं जमत नाही. एक मात्र जपा. बिल तयार झाल्याच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत जे भराल तेच त्या बिलाच्या मिनिममसाठी धरतात. बिल तयार व्हायच्या आधी भरलेल्यानं बाकी कमी होते, पण मिनिममची जबाबदारी सुटत नाही. मी एकदा फसले आणि दंड भरला.

तारखेचंही तसंच. आमचा ठेकेदार पगार करतो दहा-बारा तारखेला, आणि माझी ड्यू डेट होती पाच. दर महिन्याला पाच-सात दिवस उशीर ठरलेला. बिलाची तारीख बदलून मागता येते, निदान एकदा तरी बदलून द्यावी लागते, हा २०२२ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम. मी फोन केला, बदलून मिळाली. वीस मिनिटं गाणं ऐकवलं त्यांनी फोनवर, पण मिळाली.

आता सोन्याचं. हे बोलू का नको, असं झालं होतं. माझ्या दोन पाटल्या होत्या. आपल्याकडं घरातलं सोनं बँकेत गेलं की ते गल्लीला कळू नये असं वाटतं. सासूबाईच म्हणाल्या, “सोनं मग कशाला असतंय? अडल्या वक्तालाच की.” बँकेत सोनं तारण ठेवून साधारण दहा टक्क्यांनी पैसे मिळाले. ४०,००० घेतले आणि त्याच दिवशी कार्डावर भरले. त्या ४०,००० वर कार्डाचं व्याज करासकट महिन्याला १,६५२ होतं, सोन्यावर झालं ३३३. काउंटरवरचे साहेब म्हणत होते, एवढ्या सोन्यावर बरेच जास्त बसतात, घ्या की. नाही घेतले. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं. ते थकलं तर फोन येतील, नोटीस येईल. पण सोन्याचं थकलं तर सोन्याचा लिलाव होतो. एका हळदीच्या हंगामात आम्ही जेवढं सोडवू शकू तेवढंच ठेवायचं, असं ठरवलं होतं. आणि दोन्ही पाटल्या दोन वेगळ्या खात्यांवर ठेवल्या, म्हणजे २०,००० भरले की एक तरी हातात येते.

फोनबद्दल सांगायचं राहिलं. बेगमीच्या आधी, एका लांबलेल्या ब्रेकमध्ये, माझे दोन महिने पूर्ण थकले होते. वसुलीचे फोन सुरू झाले. रात्री नऊला, कधी शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर. “उद्या पोलीस घेऊन येतो,” एकजण म्हणाला. मी त्या रात्री झोपले नाही. आज तो फोन आला तर काय म्हणायचं ते मला माहीत आहे, म्हणून तुम्हालाही सांगते. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा नियम आहे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, धमकी द्यायची नाही. हातात पैसे नाहीत म्हणून कार्डाची बाकी थकली, तर तेवढ्यावरून अटक होत नाही, ते दिवाणी देणं आहे. चेक दिला आणि तो वटला नाही, तर गोष्ट वेगळी, म्हणून घाबरून चेक लिहून देऊ नका. तक्रार आधी बँकेकडं लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फुकट. माहितीसाठी नंबर आहे १४४४८. पुन्हा सांगते, १४४४८. लोकअदालतीची नोटीस आली तर फाडू नका. तिथं जावं, आपली परिस्थिती सांगावी. जमेल तेच कबूल करावं.

तडजोडीबद्दल एवढंच, की निम्म्यात मिटवतो असं कुणी म्हणालं तर ते बँकेच्या कागदावर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. आणि असं मिटवलं की सिबिलच्या, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याच्या, नोंदीत ‘सेटल्ड’ असं लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढं घराला कर्ज मागायला गेलात की तो शब्द समोर येतो. ज्याच्यापुढं दुसरा मार्गच नाही त्यानं तोही घ्यावा, त्यात कमीपणा नाही. मी घेतला नाही, कारण तोवर शाळूची पोती घरात आली होती आणि रात्री झोप लागायला लागली होती.

वेळ संपत आली, ताई बोट दाखवतायत.

आजची बाकी सांगते. कार्डावर ६,४०० राहिलेत. एक पाटली सुटली, ती धाकटीनं हातात घालून बघितली, मोठी होतीय अजून. दुसरी बँकेतच आहे. येत्या पंधरा तारखेला माझे दिवस भरतायत. ब्रेक किती दिवसांचा, असं सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, बघू. काल घरी गेल्यावर पोत्यांत हात घालून बघितलं. एक संपलंय, दुसऱ्यात निम्म्याच्या वर शाळू आहे.

नमस्कार.