बैलाची नाडी, उंदराचं काळीज

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

पोळ्याला बैल धुताना शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाने, दोन बोटं दाबून धरा. नाडी लागेल. मिनिटाला साठेक ठोके, अगदी निवांत. गुरांचे डॉक्टर तिथेच नाडी बघतात.

आता कपाशीच्या ढिगातून निसटणारा घरउंदीर आठवा. त्याचं काळीज मिनिटाला सहाशेच्या आसपास धडधडतं. मुठीत धरला तर ठोका वेगळा कळतच नाही, नुसती थरथर लागते. चिमुकल्या अंगातली ऊब भराभर निघून जाते, म्हणून आतली चूल सतत भडकती ठेवावी लागते. उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं, बैल वीसेक. हिशेब मांडा, दोघांचेही जन्मभराचे ठोके साठ ते ऐंशी कोटींच्या घरात येतात!

जो भराभर जळतो तो लवकर विझतो, असं जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी १९०८ साली मांडलं. मलाही ते बरीच वर्षं पटलं होतं. पण तिन्हीसांजेला केळीच्या बागेवर पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, फिरतात ना, त्यांनी हा हिशेब मोडला. उडताना पाकोळीचं काळीज उंदरापेक्षाही जोरात पळतं. तरी सायबेरियात खूण बांधून सोडलेलं सात ग्रॅमचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं. थंडीत ते महिनोन् महिने निपचित पडून राहतं, त्याचा फायदा असतोच. पण तेवढ्याने ४१ वर्षं होत नाहीत.

खरी गोम शत्रूंमध्ये आहे. उंदराला आज ना उद्या गव्हाणी घुबड, धामण नाहीतर मांजर उचलणारच. मग शरीर डागडुजीवर कशाला खर्च करेल? वीस दिवसांत पाच-सहा पिल्लं, की पुन्हा गाभण. उडणाऱ्याला मात्र उद्याचा भरवसा जास्त. तिथे पेशींची दुरुस्ती परवडते, आणि पिल्लांची घाई नसते.

म्हणून एक कळकळीची विनंती. गावाबाहेरच्या चिंचेवर लटकणारी मोठी वटवाघळं फटाके लावून उठवू नका. उंदीर मारले तर दोन महिन्यांत शेत पुन्हा भरतं. वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, आणि पहिले काही आठवडे ते पोटाशी धरून हिंडते.