दाराचा चरा आणि आखणीचा ब्रश

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीच्या दारावर चरा पडला की माणूस एक तर हळहळत बसतो, नाही तर हाताला येईल ते घेऊन घासत सुटतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आधी धुवा, मग नख फिरवा. धुतल्याशिवाय आणि नख फिरवून पाहिल्याशिवाय काहीही घासू नका.

हे मी शिकले ते कुठल्या गॅरेजमध्ये नाही, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात. आमची मूर्ती पेणजवळच्या हमरापूरहून येते. तिकडे घरटी कारखाना. श्रावणात मी मूर्ती ठरवायला गेले होते, सासूबाई बरोबर होत्या. गाडी पांढरी, जेमतेम आठ महिन्यांची. बोळात गाडी लावली आणि सासूबाईंनी मागचं दार उघडलं ते थेट लोखंडी मांडणीवर. वीतभर लांब चरा, आणि त्यावर मांडणीचा हिरवा ऑइलपेंट फासलेला. त्या बिचाऱ्या इतक्या कानकोंड्या झाल्या की मी आत मूर्ती बघत होते तेवढ्यात तिथल्या नळावरची तारेची घासणी घेऊन दारापाशी उभ्या!

मूर्तिकार काका ब्रश हातात तसाच धरून धावले. "आजी, थांबा. घासणी लावलीत तर वीतभराचं हातभर होईल."

त्यांनी दार भरपूर पाण्याने धुतलं. मऊ फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावून हलक्या हाताने पुसलं, आणि हिरवा रंग जवळजवळ सगळा फडक्यावर आला. म्हणजे आम्ही ज्याला चरा म्हणत होतो, त्यातला बराचसा मांडणीचाच रंग होता. मग त्यांनी ओलं बोट फिरवलं. ओल्यावर रेघेचा मोठा भाग दिसेनासा झाला. "आता नख फिरवा," म्हणाले. मी फिरवलं. दोनच ठिकाणी अडकलं, तांदळाएवढं, आणि तिथे पत्रा चमकत होता.

"एवढंच दुखणं आहे," काका म्हणाले. तिथे पाणी लागू नये म्हणून चिकटपट्टी लावून दिली आणि मला गाडीच्या रंगाची बाटली आणायला सांगितली.

मूर्ती न्यायच्या दिवशी बाटली घेऊन गेले. शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी गाडी पत्र्याच्या शेडखाली घ्यायला लावली. बाटलीच्या झाकणाला ब्रश असतो, तो बघितला आणि बाजूला ठेवला. "हा भिंतीचा ब्रश." डोळ्यांच्या आखणीसाठी वापरून जुना झालेला, मोजक्या केसांचा ब्रश त्यांनी काढला. चिकटपट्टी काढली, जागा स्पिरिटने पुसली. करंगळी दारावर टेकवली, श्वास धरला आणि रंगाचा एक थेंब त्या तांदळाएवढ्या खड्ड्यात नेऊन सोडला. खड्डा भरलासुद्धा नाही. मी म्हटलं, अजून घाला ना. तर म्हणाले, "एकदम भरला तर वर टेंगूळ येतं. वाळू दे." आणि आत जाऊन मूर्तींचे डोळे आखायला बसले. अर्ध्या तासाने दुसरा हात, मग तिसरा. पातळ हात, थांबायचं, पुन्हा पातळ हात.

जाता जाता सांगते, मूर्तीत जीव येतो तो आखणीने. पेणच्या बाजूला हे काम कितीतरी बायका करतात, दिवसाला असंख्य डोळे. मूर्ती घेताना आपण कारखान्याचं नाव विचारतो. डोळे कोणी आखले तेही विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

असो, चऱ्याकडे येऊ. गाडीच्या पत्र्यावर आधी प्राइमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षाही पातळ. पाण्याने रेघ दिसेनाशी झाली आणि नख अडकलं नाही, तर चरा या वरच्या थरातच आहे. मायक्रोफायबरच्या फडक्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून गुळगुळीत करायची पेस्ट, घ्या, हलक्या हाताने गोल फिरवा, मग पॉलिश. चार-पाच वेळा फिरवून थांबा आणि बघा, कारण कंपाउंड तो थरच झिजवत असतं. टूथपेस्टने होतं असं कुणी सांगेल. तीही घासण्याचंच काम करते, पण तिचा अंदाज येत नाही. मी लावणार नाही.

नख अडकलं तर रंग भरावा लागतो. पांढरा रंग म्हणजे एकच पांढरा नव्हे. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली चिकटवलेला असतो. तो दाखवून बाटली घ्या. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्यात मुळीच थांबू नका, गंज आतल्या आत सरकतो. आधीच गंज दिसत असेल तर बारीक वॉटर पेपरने, म्हणजे भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने, तेवढाच काढा, प्राइमरचा ठिपका द्या, मग रंग. रंग आठवडाभर वाळू द्या. वर उंचवटा राहिलाच तर 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून अगदी हलका फिरवा आणि शेवटी कंपाउंड. चंदेरी किंवा मेटॅलिक रंगात मात्र ॲल्युमिनियमचे कण असतात, ते ब्रशने फवाऱ्यासारखे बसत नाहीत. तिथे ठिपका थोडा वेगळा दिसणारच. तेवढ्यासाठी अख्खं दार रंगवू नका. पत्रा झाकला गेला की काम झालं.

आणखी एक. सोसायटीत सकाळी धुळीच्या गाडीवर कोरडा फडका मारतात ना, ते आधी बंद करायला सांगा. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. निम्मे बारीक ओरखडे त्या फडक्याचे असतात असं माझं ठाम मत आहे.

तर पुन्हा एकदा: आधी धुवा, मग नख फिरवा. पातळ हात, थांबा, पुन्हा पातळ हात. आणि उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती घरात ठेवा, गाडीत नको. उन्हाने आतला रंग घट्ट होऊन जातो. नमस्कार.