व्होल्टेज आधी ठरवा, क्लॉक नंतर

नमस्कार मंडळी. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे, जे आकडे आपण इंटरनेटवर वाचतो, ते बहुतेक थंड हवेच्या देशांतून आलेले असतात. तिथली खोली वीस-बावीस अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असला, तर घरातच ३३-३४ अंश. हवेचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवा बारा अंशांनी गरम असली की प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त गरम होतो. म्हणजे तिकडे ८० अंशांवर थांबलेला प्रोसेसर, त्याच कूलरखाली आणि त्याच सेटिंगवर, परळच्या किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये ९२ वर जातो. म्हणून दुसऱ्याच्या व्होल्टेजचा आकडा उतरवून घेऊ नका, हे मी आधीच सांगतो.

मुळात व्होल्टेज वाढवावं का लागतं? क्लॉक म्हणजे प्रोसेसरच्या कामाचा ठोका. ५ गिगाहर्ट्झला असा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टरच्या अख्ख्या साखळीतून सिग्नल पुढे जाऊन स्थिरावला पाहिजे. पुढचा ठोका पडेपर्यंत तो पोचला नाही, तर शून्याच्या जागी एक धरला जातो आणि विंडोज निळा पडदा दाखवतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात आणि सिग्नल वेळेत पोचतो. फायदा एवढाच.

किंमत मात्र मोठी आहे. वीज खर्च होते ती क्लॉकच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झवर गेलात आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलंत, तर वेग वाढला ११ टक्के आणि वीज वाढली ४० टक्के. दीडशे वॉटचे दोनशे दहा झाले. गळतीचा करंट, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज, तापमानाबरोबर वाढतो, तो यात धरलेलाच नाही. माझ्या मते शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ बहुतेकांनी सोडून द्यावेत. त्यांच्यासाठी जे व्होल्टेज मोजावं लागतं, ते परवडत नाही.

आता ज्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो, तिथे जरा थांबू. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तुम्ही १.३० लिहिलंत, म्हणून प्रोसेसरला १.३० मिळतं असं नाही. चाळीत सकाळी पाणी आलं की सगळे नळ एकदम सुटतात आणि वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं प्रोसेसरवर कामाचं लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसतं. याला व्हीड्रूप म्हणतात. लोडलाइन, म्हणजे दर अँपियरला व्होल्टेज किती बसतं तो उतार, १.१ मिलिओहम धरा आणि करंट १०० अँपियर: ०.११ व्होल्ट तिथेच गेले, हातात १.१९ राहिले. ही मदरबोर्डातली खोट नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. कारण लोड अचानक सुटलं की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि त्या उसळीला वर जागा हवी.

लोडलाइन कॅलिब्रेशन हा पर्याय हा उतार कमी करतो. पुष्कळ जण तो सरळ सगळ्यात कडक पातळीवर नेतात. मग एचडब्ल्यूइन्फो या व्होल्टेज-तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा सरळ रेषेत दिसतो आणि समाधान वाटतं. पण ते सॉफ्टवेअर मुळात दर दोन सेकंदांनी एकदा वाचतं. मायक्रोसेकंदांत येऊन जाणारी उसळी त्यात दिसणारच नाही, ती सोसतो प्रोसेसर. पातळी मधली ठेवा. आणि आकड्यांवर जाऊ नका: असूसच्या बोर्डावर मोठा आकडा म्हणजे कडक, तर एएसरॉक आणि एमएसआयवर १ म्हणजे सगळ्यात कडक. मित्राचं सेटिंग तसंच्या तसं भरलं, तर नेमकं उलटं होऊन बसतं.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला चांगला बोर्डसुद्धा ऑटोवर ठेवला, तर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो, कारण प्रत्येक प्रोसेसर चालला पाहिजे ही त्याची काळजी. म्हणून आपल्या कूलरला पूर्ण लोडवर झेपेल एवढं व्होल्टेज आधी ठरवा, ते बांधून टाका, आणि मग त्यात क्लॉक किती मिळतो ते शोधा. उलट्या क्रमाने गेलं की माणूस ०.०२, ०.०२ व्होल्ट वाढवत कुठे पोचतो ते त्याला कळत नाही.

जास्त व्होल्टेजने प्रोसेसर एका दिवसात जळतो असं क्वचितच होतं. तो झिजतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत हेच दिसलं. चुकीच्या मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमुळे, प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, आणि ओव्हरक्लॉक कधीच न केलेल्या लोकांचेही गेम कोसळू लागले. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, पण झालेली झीज भरून आली नाही. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० चे काही एक्सथ्रीडी (जास्त कॅशवाले) प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला, १.३० ची मर्यादा घातली. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम वेगाने चालवायचं तयार सेटिंग, लावलं की बोर्ड हे व्होल्टेजही वाढवतो. म्हणून ते लावणाऱ्या प्रत्येकाने बायोस अद्ययावत आहे ना, हे आज घरी जाऊन बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मुंबईत मी तर व्होल्टेज कमी करायलाच सांगतो. रायझन ५००० पासून बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो, प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायला. त्याची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. उणे दहा पायऱ्यांपासून सुरुवात करा. तापमान उतरलं की प्रोसेसर स्वतःहून जास्त बूस्ट, म्हणजे वरचा क्लॉक, धरतो, म्हणजे व्होल्टेज घटवून वेग वाढतो. फक्त याची चाचणी निराळी आहे. हे सेटिंग पूर्ण लोडवर तासभर छान चालतं आणि मोकळ्या बसलेल्या संगणकावर कोसळतं, कारण एकट्या कोअरचा बूस्ट हलक्या कामातच सगळ्यात उंच जातो. तेव्हा सिनेबेंच ही पूर्ण लोडची चाचणी झाल्यावर संगणक रात्रभर नुसता चालू ठेवा. सकाळी विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे डब्ल्यूएचईएची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद असेल, तर तिच्यातल्या एपिक आयडी या क्रमांकावरून कोअर कोणता ते ओळखा आणि फक्त त्याच कोअरचा आकडा दोन-तीन पायऱ्यांनी मागे घ्या.