हनोईत घड्याळ बघून जेवा

नमस्कार श्रोतेहो! व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, दोन-तीन दिवस खास खाण्यासाठी जायचं असेल, तर हॉटेलांची यादी करत बसू नका. तिथल्या जुन्या नावाजलेल्या दुकानांत बहुधा एकच पदार्थ मिळतो, आणि तोही त्याच्या वेळेला. म्हणून बेत आखायचा तो वेळांवर. मुक्काम होआन किएम तलावाजवळच्या जुन्या पेठांत करा, म्हणजे सगळं पायी होतं.

सकाळ फोची. हाडं तासन्‌तास मंद आचेवर उकळून काढलेला रस्सा, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया आणि बीफ किंवा चिकन. पण एक सकाळ बान्ह कुओनसाठी नक्की राखा, आणि बसा ते शेगडीसमोरच. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कापड ताणलेलं असतं. बाई त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने पसरते, झाकण ठेवते, आणि क्षणभरात बांबूच्या पट्टीने तो पारदर्शक पापुद्रा अखंड उचलते. आत डुकराचा खिमा आणि काळी अळंबी, वर कुरकुरीत तळलेला कांदा. हे हात बघण्यासाठीच हनोईला जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुपारी बुन चा. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आंबटगोड कोमट पाण्यात येतं, शेवया आणि पालेभाज्या त्यात बुडवून खायच्या. नंतर अंडा कॉफी. 1946 साली दुधाची टंचाई असताना न्गुएन वान ज्यांग यांनी बलक फेटून ती केली. त्यांच्या नावाचं कॅफे आजही चालू आहे. रात्री चा का: हळदीतला मासा, टेबलावरच्या तव्यात मूठभर शेपूबरोबर परतलेला.

शाकाहारी मंडळींनो, माशाचा सॉस जवळपास सगळ्यात असतो, तेव्हा बौद्ध शाकाहारी खानावळी आधीच शोधून ठेवा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध मांसाहार टाळतात, ते दिवस तुम्हाला सोयीचे.

जानेवारी-फेब्रुवारीत येणारा तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, मात्र टाळा. तेव्हा बरीच दुकानं बंद असतात. शरद ऋतूत गेलात तर कमळाच्या पानात बांधलेले कोवळ्या तांदळाचे हिरवे पोहे मिळतील. आणि पैसे देताना नोट नीट बघा: वीस हजार डोंग आणि पाच लाख डोंग, दोन्ही निळसरच असतात.