तोरणमाळ : लाव्हाच्या पठारावरचे तळे

नंदुरबारहून शहाद्याकडे निघालेला रस्ता प्रकाशे येथे तापी ओलांडतो. गोमाई आणि तापीच्या संगमावरच्या या तीर्थक्षेत्राला खान्देशात दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराच्या देवळाजवळ थोडा वेळ थांबून उत्तरेकडे पाहिले, की पपई, केळी आणि उसाच्या हिरव्या शेतांपलीकडे सातपुड्याची निळी रांग दिसते. आपल्याला त्या रांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या यशवंत तलावापर्यंत जायचे आहे.

तोरणमाळचे हे तळे म्हणजे एखाद्या विझलेल्या ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज अनेक पर्यटकांच्या मनात असतो. पायाखालचा काळा दगड ज्वालामुखीचाच असल्यामुळे तो समज स्वाभाविक आहे. मात्र हे तळे ज्वालामुखीचे मुख नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर जो लाव्हा पसरला, तो एखाद्या शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळला नव्हता. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो वर आला, दूरवर वाहत गेला आणि थंड होऊन थिजला. असे कितीतरी थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून हा प्रदेश घडला. त्या भेगांच्या खुणा पाहण्यासाठी खान्देशासारखा दुसरा मुलूख क्वचितच सापडेल. भेगांमध्येच गोठून राहिलेला लाव्हा पुढे आजूबाजूचा खडक झिजल्यावर उघडा पडला आणि धुळे-नंदुरबारच्या माळरानावर काळ्या दगडांच्या लांबट, भिंतीसारख्या टेकड्या उभ्या राहिल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. या दोन जिल्ह्यांत असे दोनशेहून अधिक डाइक नोंदवले गेले आहेत आणि त्यांतले बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम दिशेने धावतात. बसच्या खिडकीतून अशी एखादी सरळ काळी धार दिसली, तर ती साधी टेकडी नाही एवढे ध्यानात ठेवावे.

शहाद्यापुढे म्हसावद आणि राणीपूर मागे पडल्यावर सपाट शेती संपते, सागाचे जंगल सुरू होते आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. सात पायरीचा घाट हे नाव किती नेमके आहे, हे वर पोहोचून खाली पाहिल्यावर कळते : डोंगराच्या उतारावर रस्त्याच्या घड्या एकाखाली एक अंथरलेल्या दिसतात. दख्खनच्या घाटांत कापलेल्या कड्यांकडे नीट पाहिले, तर दोन काळ्या थरांच्या मधे काही ठिकाणी विटकरी रंगाचा पातळ पट्टा आढळतो. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो अवकाश मिळाला, त्यात खालच्या खडकाची झीज होऊन तयार झालेली ती माती असते. पुढच्या लाव्हाखाली ती गाडली गेली. घाट चढणारा माणूस अशा थरांच्या काठाने वर जात असतो.

माथ्यावर पोहोचल्यावर कडे संपतात आणि पठार मोकळे होते. त्याच्या खोलगट भागात, टेकड्यांच्या कुशीत यशवंत तलाव पसरलेला आहे. पावसाळ्यात धुके इतके दाट उतरते, की समोरचा काठ हरवतो आणि केवळ पाण्याचा आवाज येत राहतो. माझ्या मते या तळ्याकडे यावे ते हिवाळ्यात, सकाळी, ऊन टेकड्यांवरून पाण्यावर उतरण्याच्या वेळी. मात्र अंगावर गरम कपडे हवेतच. जवळच कमळ तलाव आहे. सीताखाई ही खोल दरी पाहायची तर पावसाळाच उत्तम, कारण तिच्यात कोसळणारा धबधबा तेव्हाच भरात असतो. खडकी पॉइंटवरून सातपुड्याच्या रांगा एकामागे एक उलगडत जातात.

तोरणमाळ नाथपंथीयांचेही स्थान आहे. येथे गोरक्षनाथांचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची गुंफा असून, महाशिवरात्रीला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही यात्रेकरू येतात. एरवी हे पठार भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे आहे. उन्हाळ्यात धडगावच्या या डोंगराळ भागात घरोघरी कैऱ्या सोलल्या जातात, त्यांच्या फोडी उन्हात वाळत घातल्या जातात आणि त्याचे आमचूर बाजारात जाते. अंगणात पसरलेल्या त्या पांढुरक्या फोडींमागे साऱ्या घराचे कित्येक दिवसांचे कष्ट असतात. गाडी थांबवून छायाचित्र घेण्याआधी त्या घरातल्या माणसांना विचारावे, आणि जमल्यास आमचूर त्यांच्याकडूनच विकत घ्यावे.

उतरताना शहादा तालुक्यातील दरा गावाजवळचे उनपदेव चुकवू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या ठिकाणी गोमुखातून बारा महिने गरम पाणी वाहते. या भूमीखाली आज लाव्हा धगधगत नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोलवर झिरपते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. सकाळी तळ्याकाठी गारठलेले हात त्या धारेखाली धरले, की ते पाणी ज्या खोल भूगर्भातून आले त्याची ऊब तळव्यांना जाणवते.