मॉन्झाचा वेग

श्रोतेहो, नमस्कार.

आज इटालियन ग्रां प्री या मोटार शर्यतीबद्दल बोलू. या शर्यतीचा इतिहास लोक विजेत्यांच्या नावांनी सांगतात. मला त्यात वेगळीच गंमत दिसते. इटलीने हौसेने एक अतिवेगवान ट्रॅक बांधला आणि पुढे कित्येक वर्षं त्या वेगाला आवर कसा घालायचा, या विवंचनेत काढली.

पहिली शर्यत १९२१ साली ब्रेशियाजवळ मोन्तिकियारीला झाली. जिंकला फ्रान्सचा ज्यूल गू, गाडीही फ्रेंच. फियाटच्या देशात हे जिव्हारी लागणारच! पुढच्या वर्षी मिलानच्या ऑटोमोबाईल क्लबला २५ वर्षं होत होती. त्या निमित्ताने मिलानजवळच्या मॉन्झाच्या जुन्या राजेशाही उद्यानात खास शर्यतींसाठी ट्रॅक उभा राहिला. साडेतीन हजार मजूर राबले आणि ११० दिवसांत काम फत्ते. त्या वर्षी फियाटच जिंकली.

पण १९२८ मध्ये एमिलिओ मातेरास्सीची गाडी प्रेक्षकांत घुसली. तो गेला आणि वीसहून अधिक प्रेक्षकही गेले.

१९५५ मध्ये तिथे काँक्रीटची, बाहेरची कड उंच उचललेली तिरपी वळणं नव्याने बांधली. गाडी जणू भिंतीवरून धावायची. १९६० साली ब्रिटिश संघांनी हा रस्ता धोक्याचा म्हणून शर्यतीवर चक्क बहिष्कार टाकला. आयोजक ढिम्म. पुढच्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी दुसऱ्या फेरीत जिम क्लार्कच्या गाडीला घासली आणि बांधावर चढून प्रेक्षकांवर गेली. ट्रिप्ससह चौदा-पंधरा प्रेक्षक ठार. अपघात त्या तिरप्या वळणांवर झाला नव्हता, तरी फॉर्म्युला वनची, म्हणजे जगज्जेतेपदाच्या मालिकेतली, शर्यत त्या वळणांवर पुन्हा धावली नाही. शर्यत मात्र त्या दिवशी थांबवली नाही. ती जिंकून फिल हिल जगज्जेता झाला, तोही ट्रिप्सचाच सहकारी. असलं विजेतेपद कुणाच्या वाट्याला येऊ नये.

उरला साधा रस्ता. तोही काही कमी नव्हता! पूर्वी एस.टी.च्या मागे सायकल चिकटवून पोरं फुकटचा वेग मिळवायची, आठवतंय? पुढचं वाहन वारा कापतं, मागच्याला जोर कमी लागतो. मॉन्झाला ड्रायव्हर तेच ताशी तीनशेच्या आसपास करत. पुढे राहणं तोट्याचं, शेवटच्या वळणापर्यंत मागे दबा धरून बसणं फायद्याचं. १९७१ साली पाच गाड्या घोळक्याने अंतिम रेषेवर आल्या. पहिल्या आणि पाचव्यात अंतर ०.६१ सेकंदाचं. पीटर गेथिनने रॉनी पीटरसनला हरवलं ०.०१ सेकंदाने! रेषा ओलांडतानाच गड्याने हात उंचावला होता. सरासरी वेग ताशी २४२ किलोमीटरच्या वर, आणि तो विक्रम २००३ पर्यंत टिकला. गेथिनने जगज्जेतेपदाच्या मालिकेतली दुसरी कुठलीही शर्यत कधी जिंकली नाही.

इतका वेग आयोजकांनाही झेपेना. १९७२ पासून सरळ रस्त्यांत मुद्दाम नागमोडी वळणं घातली, त्यांना शिकेन म्हणतात. ब्रेक लागले, घोळके फुटले. जुने शौकीन अजून हळहळतात. मला विचाराल तर ते योग्यच झालं.

आणि शिकेनने कधीकधी भलतीच बहार आणली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले. महिनाही उलटला नव्हता तोच मॉन्झाची शर्यत आली. त्या मोसमात मॅक्लारेन संघापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. इथेही त्यांचा आयर्टन सेना आघाडीवर होता, फक्त दोन फेऱ्या उरल्या होत्या. पहिल्या शिकेनमध्ये त्याने मागे पडलेल्या जाँ-लुई श्लेसरला ओलांडायला घेतलं आणि दोघे एकमेकांना धडकले. श्लेसर तर बदली ड्रायव्हर होता! नायजेल मॅन्सेलला कांजिण्या झाल्या म्हणून त्याची वर्णी लागलेली. सेना बाद झाला. मागून फेरारीचा गेऱ्हार्ड बर्गर पहिला आला आणि फेरारीचाच मिकेले आल्बोरेतो दुसरा. आल्बोरेतो तर मिलानचा, म्हणजे शेजारच्याच गावचा पोरगा. गर्दी वेडी झाली. त्या वर्षीच्या सोळा शर्यतींपैकी मॅक्लारेनने गमावली ती ही एवढीच.