जिम स्टाइन्स: गोल चेंडूवरून लंबगोल चेंडूवर

श्रोतेहो, नमस्कार.

मेलबर्नचं एमसीजी मैदान आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे कसोटी सुरू होते आणि आपल्याकडे पहाटे पाचला गजर लागतात. पण त्या मैदानाचा हिवाळा फुटबॉलचा असतो. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, हे ऑस्ट्रेलियन रूल्स. क्रिकेटपटूंचं अंग हिवाळ्यात जड होऊ नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८ साली फुटबॉलची कल्पना मांडली, आणि १८५९ मध्ये मेलबर्न क्लबनं नियम कागदावर उतरवले. मैदान क्रिकेटचंच, म्हणून लंबवर्तुळाकार. एका संघाचे १८ जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेनं मारला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण, त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. ऑफसाइड ही भानगड नाही.

या खेळातली एक कारकीर्द आज जवळून पाहू. खेळाडूचं नाव जिम स्टाइन्स. आयर्लंडचा, डब्लिनचा. जन्म १९६६ चा. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यानं लंबगोल चेंडूचा हा खेळ खेळलेला नव्हता.

१९८४ मध्ये मेलबर्न क्लबनं आयर्लंडमध्ये जाहिरात दिली: उंच, गेलिक फुटबॉल म्हणजे आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल खेळणारे तरुण हवेत, ऑस्ट्रेलियात शिक्षणाची सोय करू. हिशेब सरळ होता. गेलिक फुटबॉलमध्येही उंच उडी मारून चेंडू झेलतात, पळता पळता तो टप्पा देऊन परत घेतात, मुठीनं साथीदाराकडे ढकलतात. दोन्ही खेळ चुलतभाऊच. मोठा फरक म्हणजे गेलिकचा चेंडू गोल. आणि घोडं पेंड खातं ते तिथेच.

गोल चेंडू हातातून कसाही सोडा, पायाला त्याची तीच बाजू लागते. लंबगोल चेंडूचं तसं नाही. त्याला मारायची रोजची लाथ म्हणजे ‘ड्रॉप पंट’. चेंडू उभा धरायचा, एक टोक जमिनीकडे. बोटं दोन्ही बाजूंना पसरलेली, शिवणीची दोरी समोर. उजव्या पायानं मारणाऱ्यानं डावा हात आधी काढायचा आणि उजव्या हातानं चेंडू कमरेच्या खाली नेऊन सोडायचा. टाच उचललेली, चवडा ताणलेला, घोटा कडक. बुटाची लेस चेंडूच्या खालच्या टोकाजवळ लागली पाहिजे. मग चेंडू उलटा गरगरत, सरळ रेषेत जातो आणि झेलणाऱ्याच्या हातात अलगद येतो.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त सोडण्यात. छातीच्या उंचीवरून सोडला तर पायापर्यंत येईस्तोवर चेंडू कलतो, आणि वारा असेल तर विचारूच नका. हात शरीरासमोरून आडवा गेला की लाथही आडवी जाते. मागे रेललात तर चेंडू उंच जातो, लांब जात नाही. लोक पायाला दोष देतात, पण दहातल्या आठ वेळा चूक हाताची असते, असं माझं मत.

स्टाइन्सला हे सगळं शून्यातून शिकावं लागलं. १९८६ मध्ये तो खालच्या दर्जाच्या स्पर्धेत प्राहरान संघाकडून खेळला आणि १९८७ मध्ये मेलबर्नच्या मुख्य संघात आला. त्याच वर्षी मेलबर्ननं १९६४ नंतर पहिल्यांदा बाद फेरी गाठली.

आणि मग उपांत्य सामना, हॉथॉर्नविरुद्ध. शेवटच्या क्षणी मेलबर्न ४ गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, गोलपासून सुमारे ५५ मीटरवर. एवढ्या अंतरावरून गोल म्हणजे चांगल्या खेळाडूचीही ताकद संपते ती जागा. फ्री किक घेणारा आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू, या दोघांच्या मधून विरोधी संघाच्या कुणी जायचं नसतं. स्टाइन्स धावत आडवा गेला. पंचांनी १५ मीटरचा दंड दिला. ५५ चे ४० झाले. भोंगा वाजून गेला होता, पण मिळालेली लाथ मारायची मुभा असते. बकेनारानं गोल केला. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८.

त्या दिवशीचा धावफलक मात्र पूर्ण वाचावा. हॉथॉर्नचे ११ गोल आणि १४ बिहाइंड, मेलबर्नचे १० गोल आणि १८ बिहाइंड. म्हणजे मेलबर्ननं २८ वेळा गुण घेतले, हॉथॉर्ननं २५ वेळा. त्या १८ पैकी एक जरी मधल्या खांबांतून गेला असता तर स्टाइन्सच्या धावण्याची कुणी आठवणही काढली नसती. अर्थात लोक तसा हिशेब करत नाहीत.

पुढच्याच मोसमात, १९८८ मध्ये, हा दंड ५० मीटरचा झाला. आजही तोच आहे.

स्टाइन्सची जागा रकची. २०२५ पर्यंत पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू जमिनीवर आपटून वर उडवत, आता थेट वर फेकतात, आणि दोन्ही संघांचे उंच गडी उडी मारून तो तळहातानं आपल्या चपळ साथीदाराकडे टोलवतात. हे दोघे रक. स्टाइन्सची उंची १९९ सेंटिमीटर. त्या काळचे बरेचसे रक चेंडू टोलवला की काम झालं म्हणत. हा गेलिकमध्ये मुरलेला, चेंडूच्या मागे पळतच राही.

रकचं काम गुडघ्यांवर फार वाईट. दोघे लांबून धावत येऊन गुडघा पुढे करून उडी मारत. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या नडगीच्या वरच्या टोकावर आदळला की नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघ्याचा मागचा अस्थिबंध फाटतो. अशा दुखापती वाढल्यावर २००५ पासून मध्यावर १० मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं गेलं. रकनं त्याच्या आतूनच धाव घ्यायची. स्टाइन्सच्या काळात हे वर्तुळ नव्हतं, हे लक्षात ठेवून पुढचा आकडा ऐका.

१९८७ ते १९९८ या काळात तो सलग २४४ सामने खेळला. एकही न चुकवता. मोसमात साधारण २२ सामने धरले तर अकरा वर्षं. १९९८ मध्ये हात मोडला तेव्हाच मालिका तुटली. १९९१ मध्ये त्याला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदकही मिळालं. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना ३, २ आणि १ असे गुण देतात, त्या बेरजेवर ते ठरतं. निलंबनाची शिक्षा झालेल्याला ते मिळत नाही. पदक मोठंच, पण मला २४४ त्याहून मोठे वाटतात. पदक एका मोसमाचं असतं. २४४ म्हणजे अकरा वर्षं दर सोमवारी सुजलेलं अंग घेऊन उठायचं आणि शनिवारपर्यंत ते उतरवायचं.

एकूण २६४ सामने खेळून तो थांबला. २००८ मध्ये मेलबर्न क्लब कर्जात होता, तेव्हा तो अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी कर्करोगाचं निदान झालं. २०१० मध्ये कर्ज फिटलं. मार्च २०१२ मध्ये तो गेला. वय ४५.

आयरिश मुलं आजही येतात. कोणत्याही ऑस्ट्रेलियन फुटबॉल स्पर्धेत तीन वर्षं नोंदणी नसलेल्या खेळाडूला क्लब वेगळ्या नवोदित यादीत घेऊ शकतो, त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या, रांगेत थांबावं लागत नाही. झॅक टूही त्याच वाटेनं आला आणि २६४ च्या पुढे गेला. स्टाइन्सचा सलग सामन्यांचा विक्रम २०२५ मध्ये कॉलिंगवुड क्लबच्या जॅक क्रिस्पनं मोडला, आणि तोही अशा काळात, की डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला तर किमान १२ दिवस खेळता येत नाही. म्हणजे असा एक धक्का बसला की एखादा सामना गेलाच, आणि मोजणी पुन्हा एकपासून.